मातीची गाडी आणि मोटारीची प्रतिकृति

इतिहास म्हटला कीं लढाया, तहनामे आणि सनावळ्या यांचीच अपेक्षा आपण करतों. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें, ती हाताच्या तळव्यावर मावते. खऱ्या मोटारगाडीच्या बरोबर चोविसाव्या हिश्श्याची, सुटे भाग घासून, जोडून आणि रंगवून सिद्ध केलेली प्रतिकृति, ही ती वस्तु होय. हा छंद करणारीं माणसें पुण्यांत आहेत, आणि त्यांच्या घरच्या मंडळींना त्यांचें कौतुक कमी व काळजी अधिक वाटते, असा माझा अनुभव आहे; कारण सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः त्यांच्यापैकींच एक झालों आहें. जुन्या अकरावीपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि सारा जन्म प्राथमिक शाळेंतल्या मुलांच्या संगतींत गेला. तेव्हां पांडित्याचा आव न आणतां, एवढ्या मोठ्या माणसांनीं एवढ्याशा गाड्या कां कराव्या, या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधण्याचा मी प्रयत्न करणार आहें.

आरंभ घरापासूनच करूं. सन १९७४ मध्यें, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरा नदीच्या कांठीं दायमाबाद येथें एक शेतकरी झुडुपाचीं मुळें खणीत असतां त्याला जमिनींत ब्राँझच्या चार वस्तु सांपडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा दोन बैल जुंपलेला रथ. हा रथ सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. त्यावर हांकणारा उभा आहे, आणि करणाऱ्यानें दांडीवर एक कुत्राहि उभा करावयास कमी केलें नाहीं. या वस्तूंच्या कालाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या डेक्कन कॉलेजचे पुराणवस्तुशास्त्रज्ञ डॉ. मधुकर ढवळीकर यांनीं त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकालांतील मानल्या. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरतें. एवढीं जड खेळणीं लेंकरांच्या हातीं कोणी देणार नाहीं. तेव्हां त्या मिरवणुकीच्या किंवा पूजेच्या वस्तु असाव्यात असा तर्क केला गेला आहे. मला त्यांतील कुत्र्याचें विशेष वाटतें. रथ चालावयास कुत्र्याची गरज नसते. परंतु त्या अज्ञात कारागिरानें खरा रथ डोळे उघडे ठेवून पाहिला होता, आणि जें पाहिलें तें लहान रूपांत उतरविल्यावांचून त्याला चैन पडलें नाहीं. आजच्या छंदी मनुष्याचा तो मूळ पुरुषच म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी गाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच मुळीं मातीच्या खेळगाडीवरून पडलें. गोविंद बल्लाळ देवलांनीं तें नाटक मराठी रंगभूमीवर आणिलें, त्यामुळें चारुदत्ताचा लहानगा रोहसेन आपल्या घरचाच झाला. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिली, आणि दासीनें करून दिलेली मातीची गाडी त्याला नकोशी झाली. वसंतसेनेनें आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरले आणि याची सोन्याची करून घे म्हणून सांगितलें. पुढें तेच अलंकार न्यायसभेंत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. नाटककारानें या प्रसंगांत एक जुनी गोष्ट सांगून ठेविली आहे : विकत मिळणारी झगझगीत वस्तु आणि घरीं हातानें केलेली साधी वस्तु यांचा झगडा मुलांच्या जगांत फार प्राचीन आहे. शिक्षक या नात्यानें तो झगडा मीं प्रत्यहीं पाहिला आहे.

आतां पुण्याकडे वळूं. तुळशीबागेंतली भातुकली ज्यांच्या घरीं आली नाहीं, असें जुनें पुणेरी घर विरळाच. चूल, जातें, बंब, पोळपाट, सारा संसार ओंजळींत मावणारा. मुलींची भातुकली, तर मुलांचा दिवाळींतला किल्ला. दगड, विटा, जुनीं पोतीं आणि लाल माती यांचा डोंगर रचून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरावयाची, बुरूज उभारावयाचे, आणि कुंभारवाड्यांतून आणलेले मावळे जागोजाग उभे करावयाचे. या किल्ल्यांत मात्र एक गंमत असे. मावळा बुरुजाहून उंच, आणि गडाच्या पायथ्याचा वाघ हत्तीएवढा! आम्हांला त्याचें कांहीं वाटत नसे. भाव होता, प्रमाण नव्हतें. खेळणें आणि प्रतिकृति यांमधील भेद तो हाच. खेळण्याला भाव पुरतो. प्रतिकृतीला प्रमाण लागतें.

प्रमाण म्हणजे काय, हें थोडें गणितानें सांगतों. चोविसावा हिस्सा म्हणजे खऱ्या गाडीवरील एक फूट लांबीला प्रतिकृतींत अर्धा इंच. परंतु लांबी चोवीस पटींनीं कमी झाली कीं क्षेत्रफळ ५७६ पटींनीं आणि घनफळ १३,८२४ पटींनीं कमी होतें. नऊशें किलो वजनाची मोटार याच हिशेबानें उतरविली, तर ती सुमारें ६५ ग्रॅम भरेल. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहून कमी जाडीचा असतो. प्रतिकृतींत तो कागदाहून पातळ व्हावयास पाहिजे, आणि तो तसा करतां येत नाहीं. उलट, रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड बसला, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखें होतें. म्हणून कुशल माणूस रंग पातळ करून, वाळवून, पुन्हां पातळ थर देतो. लहान वस्तु करणें हें मोठी वस्तु करण्याहून सोपें आहे, हा समज येथें पहिल्या दिवशींच नाहींसा होतो.

ही प्रमाणें आलीं कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं फ्रँक हॉर्नबी नांवाचा एक कारकून आपल्या मुलांसाठीं पत्र्याच्या पट्ट्या कापून यारी आणि पूल करून देत असे. पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोंकें पाडलीं, म्हणजे त्याच पट्ट्यांतून आज यारी आणि उद्यां गाडी करतां येते, ही त्याची युक्ति. सन १९०१ मध्यें त्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि १९०७ पासून तिला ‘मेकॅनो’ हें नांव मिळालें. पुढें त्याच्या कारखान्यांत खेळण्यांच्या आगगाड्या होऊं लागल्या. त्या आगगाडीच्या स्थानकाबाहेर उभ्या करावयास मोटारी हव्यात, म्हणून ओतीव धातूच्या छोट्या मोटारी निघाल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी’ या नांवानें प्रसिद्धीस आल्या. आगगाडीचें प्रमाण फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे सुमारें त्रेचाळिसावा हिस्सा. त्यामुळें आजहि ओतीव मोटारींचें एक रूढ प्रमाण तेंच आहे. मोटारीनें आपलें माप आगगाडीकडून उसनें घेतलें, असें म्हणतां येईल.

अमेरिकेंत या विद्येला निराळें वळण लागलें. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागानें १९३० सालीं किशोरवयीन मुलांसाठीं एक स्पर्धा सुरू केली. नेपोलियनच्या शाही घोडागाडीचे आराखडे मुलांकडे पाठवावयाचे, आणि लांकूड, धातु, कापड यांतून सारी गाडी मुलानें स्वतः घडवावयाची. विजेत्यांना विद्यापीठांत शिकण्यासाठीं शिष्यवृत्त्या मिळत. कांहीं वर्षांनीं घोडागाडीच्या जागीं स्वतःच्या कल्पनेची मोटार करण्याची स्पर्धा आली, आणि ती १९६८ पर्यंत चालली. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन पुढें जनरल मोटर्सच्या गाड्यांचे आराखडे करणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. मुलांच्या लांकूडकामांतून एका मोठ्या उद्योगाला माणसें मिळालीं, हें आपल्याकडील शिक्षणाचा विचार करणारांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या शाळांतून हस्तव्यवसायाचा तास हा गणिताच्या शिक्षकानें राहिलेला धडा पुरा करण्यासाठीं असतो, अशी समजूत होती. आणि ती दृढ करण्यांत माझाहि हात आहे, हें मी खेदानें कबूल करतों.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचें युग आलें. पॉलिस्टायरीन हा पदार्थ तापवून पातळ करावयाचा, पोलादी सांच्यांत जोरानें दाबावयाचा, आणि थंड झाल्यावर एका चौकटीला चिकटलेले सर्व भाग एकदम बाहेर काढावयाचे. या रीतीनें अमेरिकेंतील रेव्हेल कंपनीनें १९५१ मध्यें जुन्या मोटारींचे जोडसंच काढले. इंग्लंडांतील एअरफिक्सनें १९५२ मध्यें ड्रेकच्या ‘गोल्डन हिंड’ जहाजाचा छोटा संच काढला. १९५८ मध्यें ए. एम. टी. या अमेरिकन कंपनीनें चालू वर्षाच्या मोटारींचे पंचविसाव्या हिश्श्याचे संच बाजारांत आणले, आणि एकाच पेटींतून साधी, सजविलेली किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारची गाडी करण्याची सोय ठेविली. मोटारी विकणाऱ्या पेढ्यांना गिऱ्हाइकांसाठीं ज्या तयार प्रतिकृति दिल्या जात, त्यांचेंच हें प्रमाण होतें.

जपानांतील शिझुओका शहरीं तामिया ही लांकडाची पेढी १९४६ मध्यें निघाली. १९५१ मध्यें तिची वखार जळाली. ती पेढी लांकडी प्रतिकृतींकडे वळली, आणि १९६० पासून प्लॅस्टिककडे. १९७६ मध्यें तिनें पोर्श मोटारीचा बाराव्या हिश्श्याचा संच काढला. त्यासाठीं एक खरी पोर्श विकत घेऊन तिचा सांधा न् सांधा सुटा केला, असें त्या संचाविषयीं प्रसिद्ध आहे. लहान गाडी नीट करावयाची, तर मोठी गाडी आधीं समजून घेतली पाहिजे, हा धडा त्यांनीं पैसे मोजून घेतला.

आतां हें काम प्रत्यक्षांत कसें चालतें तें सांगतों. सांच्यांतून निघालेल्या भागांवर तेलकटपणा राहतो. म्हणून ते प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवावयाचे. भाग चौकटीपासून ओढून तोडावयाचे नाहींत, तर पात्यानें कापून, उरलेला कोंभ कानशीनें व बारीक पॉलिश कागदानें घासावयाचा. प्लॅस्टिक जोडणारा द्राव हा सरसासारखा मध्यें बसत नाहीं. तो दोन्ही कडा किंचित् विरघळवितो आणि त्या परस्परांत मिसळून एकजीव होतात. म्हणून जोड चुकला तर तो सहजासहजीं सुटत नाहीं. त्यानंतर अस्तराचा रंग, मग मुख्य रंग, मग दारांच्या फटींतून पातळ काळसर रंगाची रेघ. हौस याच्या पुढें सुरू होते. इंजिनाच्या ठिणगीच्या तारा बारीक तारेनें कराव्या, पायांखालीं गालिच्याचा भास होईल अशी लव पसरावी, चकचकीत पट्ट्यांवर धातूचा पातळ पापुद्रा बसवावा, चाकांना पुण्याच्या पावसाळ्यांतला चिखल लावावा. परंतु कोठें थांबावयाचें हेंहि प्रमाणच ठरवितें. खऱ्या गाडीवरील सहा मिलिमीटरच्या स्क्रूचें डोकें येथें पाव मिलिमीटर होतें. तें दाखविण्याचा हट्ट धरला तर तें वाटाण्याएवढें होऊन बसतें. प्रमाण हें काय दाखवावें याइतकेंच काय सोडावें हेंहि शिकवितें.

पुण्यांत या विद्येचा सर्वांत मोठा संसार पाहावयाचा असेल, तर कोथरूडला कर्वे रस्त्यानजीक भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेल्या छोट्या आगगाड्यांच्या संग्रहालयांत जावें. लहानपणापासूनचा हा छंद त्यांनीं आयुष्यभर सांभाळला, आणि १९९८ मध्यें तो लोकांसाठीं खुला केला. एका खोलींत एक गांव वसलें आहे. गाड्या सुटतात, सिग्नल पडतात, रस्त्यावरून मोटारी आहेत, दिवे लागतात. एका गृहस्थाच्या हौसेंतून नगराला एक पाहण्याचें स्थळ मिळालें.

मग आपल्या मोटारींचें काय? सोलापूरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. इटलींतील फियाट कंपनीच्या सहकार्यानें तिनें ज्या गाड्या केल्या, त्यांत १९६४ ची ‘११०० डिलाइट’ ही मुख्य. तीच पुढें १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचें उत्पादन बंद पडून आतां दोन तपांहून अधिक काळ लोटला. मुंबईंतील टॅक्सींत शेवटची म्हणून नोंदलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. या गाडीचा प्लॅस्टिकचा जोडसंच मीं बराच शोधला. तयार खेळणीं मिळालीं, परंतु जोडसंच मिळाला नाहीं. कारण उघड आहे. पोलादी सांचा फार महाग. हजारों संच खपल्यावांचून त्याचा खर्च निघत नाहीं. जेथें गिऱ्हाईक असतें, तेथील गाड्या अमर होतात. ज्यांची गाडी सांच्यांत गेली नाहीं, त्यांनीं ती हातानेंच केली पाहिजे.

मला ती कां हवी होती, तें सांगून भाषण पुरें करतों. माझे वडील सदाशिव पेठेंतील एका डॉक्टरांच्या फियाट गाडीवर चालक होते. मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्रीं-अपरात्रीं रोग्याकडे जावयाचें असलें कीं डॉक्टरांचा गडी आमच्या वाड्याच्या दाराशीं हांक मारी, आणि वडील सदरा चढवीत बाहेर पडत. ती गाडी आमची नव्हती. परंतु तिच्या पितळी किल्लीचा खिळा आमच्या घरांत होता. सेवानिवृत्तीनंतर ती गाडी पुठ्ठा व पातळ लांकूड यांतून करावयास मीं घेतली. मापें कशाला हवीत? सारी गाडी माझ्या डोळ्यांपुढें उभी होती. पंधरा दिवस खपून सांगाडा तयार केला, तेव्हां माझा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, ही फियाट नव्हे, ट्रक झाला.”

आमच्या गल्लींत एक जुनी पद्मिनी ताडपत्रीखालीं उभी असे. मालकाची परवानगी काढून फीत घेऊन गेलों. दोन चाकांच्या आंसांतलें अंतर २,३४० मिलिमीटर. चोविसावा हिस्सा साडेसत्त्याण्णव. माझ्या सांगाड्यांत तें बरेंच अधिक होतें, आणि बॉनेट तर दीडपट. माझी आठवण खोटी नव्हती. ती सात वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून घेतलेली होती, इतकेंच. त्या दिवशीं ज्याला मी पस्तीस वर्षें इतिहास म्हणून वर्गांत शिकवीत आलों, त्यांतील कितीएक गोष्टी कोणाच्या उंचीवरून पाहिलेल्या असतील, हा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

सांगाडा मोडून पुन्हां केला. शेवटीं एकच प्रश्न उरला. त्या गाडीच्या डाव्या मडगार्डाला एक पोंचा होता. लक्ष्मी रस्त्यावर एका बैलगाडीचा आंस लागून तो पडला होता. डॉक्टर एक शब्द बोलले नाहींत. परंतु पुढें कित्येक दिवस वडील तेवढाच भाग पुन्हां पुन्हां पुसत असलेले मीं पाहिले आहेत. तो पोंचा दाखवावा कीं न दाखवावा? वडील आज नाहींत. त्यांना जें बोचत होतें, तें मीं कपाटांत मांडून ठेवावें काय? परंतु गुळगुळीत मडगार्डाची फियाट ही कोणाचीहि फियाट झाली असती. दोन दिवस विचार करून मीं तप्त सुईच्या मागच्या टोंकानें तो पोंचा पाडला.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिची दृष्टि अधू झाली आहे. गाडी पुरी झाल्यावर मीं ती कांहीं न सांगतां तिच्या हातांत ठेविली. तिनें टपावरून बोट फिरविलें, दिवे चांचपले, आणि बोट डाव्या मडगार्डाशीं येऊन थांबलें. “ह्यांची गाडी,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानें म्हणाली, “त्या दिवशीं जेवले नव्हते.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. साठ वर्षांत ती तिनें कोणाला सांगितली नव्हती.

श्रोतेहो, आपल्या घरांतील कोणी माणूस रात्रीं दिव्याखालीं चिमटा आणि कानस घेऊन बसलेला दिसला, तर त्याला हांसूं नका. त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि ही गाडी कोणाची, एवढें विचारा.